टाइप करता करता फाइली गाळणे : मराठी नावांच्या फाइलींसाठी

मे महिन्याच्या अखेरीस आंब्याचा हंगाम आटोपला की दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी हिशोबाचे दिवस सुरू होतात. वाशीच्या बाजारातून आलेल्या दलालांच्या पट्ट्या (म्हणजे विकलेल्या मालाचे हिशोब), टेम्पोभाड्याच्या पावत्या, खत-औषधांची बिले, मजुरीच्या याद्या, सातबारा आणि पंचनाम्यांच्या प्रती असे सारे कागद आता स्कॅन होऊन संगणकात जातात, आणि चार-पाच हंगाम उलटले की एकाच फोल्डरमध्ये हजारभर फाइली साठलेल्या असतात. त्यातली एखादी हवी असली की बहुतेक जण माउसचे चाक फिरवत यादी वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी चाळतात. एका पट्टीसाठी अर्धा अर्धा तास असा घालवणारे अनुभवी बागायतदार मी पाहिले आहेत. फाइल मॅनेजरमध्ये, म्हणजे फोल्डर उघडून फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रामात, चार अक्षरे टाइप करावीत आणि नको असलेल्या फाइली यादीतून तेवढ्यापुरत्या दिसेनाशा व्हाव्यात, ही सोय त्याच संगणकात असते किंवा विनामूल्य बसवता येते. मात्र फाइलींची नावे मराठीत असतील तर ही सोय वापरताना काही गोष्टी मुद्दाम समजून घ्याव्या लागतात, आणि त्या कोणी सांगत नाही म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी तीन निरनिराळ्या क्रियांमधला फरक लक्षात घ्यावा, कारण तिन्हींची सुरुवात टाइप करण्यानेच होते आणि त्यामुळे गोंधळ होतो. पहिली क्रिया म्हणजे उडी. फाइलींच्या यादीवर असताना अक्षरे टाइप केली की त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या पहिल्या नावावर निवड जाऊन बसते, परंतु यादी होती तेवढीच राहते. दुसरी क्रिया म्हणजे फिल्टर, म्हणजे गाळणे. यात टाइप केलेली अक्षरे ज्या नावांत कोठेही आहेत तेवढीच नावे समोर राहतात आणि प्रत्येक नव्या अक्षरागणिक यादी आखूड होत जाते. तिसरी क्रिया म्हणजे शोध. तो उघडलेल्या फोल्डरपुरता न थांबता आतल्या उपफोल्डरांतही जातो, आणि काही प्रोग्रामांत फाइलींच्या आतला मजकूरही तपासतो.

आपल्या कामाच्या दृष्टीने या तिघांत फिल्टर सर्वांत उपयोगी आहे, असे माझे ठाम मत आहे. उडी मारायची तर नाव कोणत्या अक्षराने सुरू होते हे आठवावे लागते, आणि नेमके तेच आठवत नसते. शोधाला डिस्कवरचे एकेक फोल्डर उघडून पाहावे लागते किंवा आधी तयार केलेल्या सूचीवर अवलंबून राहावे लागते, त्यामुळे जुन्या बाह्य हार्ड डिस्कवर तो रेंगाळतो. फिल्टरला यापैकी काहीच करावे लागत नाही, कारण फोल्डर उघडताना सगळी नावे संगणकाच्या स्मृतीत आलेलीच असतात आणि त्यांतली काही लपवायची एवढेच काम उरते. म्हणूनच तो कळ दाबताक्षणी उत्तर देतो. पावसाळ्यात आमच्याकडे मोबाइलची रेंज तासन्‌तास जाते आणि इंटरनेटवर ठेवलेल्या फाइली त्या वेळी हाताशी नसतात, परंतु घरच्या डिस्कवरील फोल्डर गाळायला इंटरनेट लागत नाही.

कोणत्या प्रोग्रामात कसे करावे

लिनक्सवरील केडीई या डेस्कटॉपच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरपासून सुरुवात करतो, कारण मी रोज तोच वापरतो आणि फिल्टरची सोय त्यात सर्वांत नीट बसवलेली आहे. फोल्डर उघडून कंट्रोल आणि आय या कळा एकत्र दाबल्या की खिडकीच्या तळाशी एक चौकट उघडते. तीत टाइप करू लागताच यादी गाळली जाते, आणि एस्केप दाबले की सगळ्या फाइली परत दिसतात. हीच चौकट तिरप्या रेघेच्या एका कळेनेही उघडते, मात्र इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक चालू असताना त्या कळेवर ‘य’ उमटतो, म्हणून मराठीत काम करणाऱ्याने कंट्रोल आणि आय ही जोडीच हाताला लावून घ्यावी. चौकट न उघडता नुसते टाइप केल्यास डॉल्फिन केवळ उडी मारतो. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कळफलक वापरणाऱ्यांना यादीवर थेट टाइप करण्यापेक्षा चौकटीत टाइप करणे अधिक भरवशाचे वाटेल, कारण आपण काय लिहिले ते तेथे डोळ्यांसमोर राहते.

डॉल्फिनच्या चौकटीत साधी अक्षरे लिहिली तर ती नावात सलग कोठेही असली तरी चालतात. मधली जागाही त्यात अक्षरासारखीच मोजली जाते, म्हणजे ‘पट्टी वाशी’ असे लिहिले तर हे दोन शब्द याच क्रमाने लागून असलेलीच नावे उरतात. दोन शब्दांच्या मध्ये आणखी काही असू शकते असे सांगायचे असेल तर तारांकन (*) वापरावे लागते. पण तारांकन आले की लिहिलेला साचा संपूर्ण नावाशी ताडून पाहिला जातो, म्हणून ते दोन्ही टोकांनाही द्यावे आणि *पट्ट*वाशी* असे लिहावे. चौकटीच्या कडेला कुलपाचे एक चिन्ह असते. ते लावले तर एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेल्यावरही तोच फिल्टर टिकून राहतो. दर हंगामाचे वेगळे फोल्डर असेल आणि प्रत्येकातील फक्त भाड्याच्या पावत्या पाहायच्या असतील, तेव्हा हे कुलूप फार कामाला येते.

लिनक्सवरील ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या फाइल्स या प्रोग्रामात, जो उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात मुळातच असतो, टाइप करताच उडीऐवजी थेट शोध सुरू होतो. हा बदल २०१२ साली ३.६ या आवृत्तीत झाला आणि जुन्या सवयीच्या अनेकांना तो अजूनही खटकतो. त्यावर उपाय असा, की प्राधान्यांच्या खिडकीत उपफोल्डरांत शोधावे की नाही याचा पर्याय असतो, तो ‘कधीही नाही’ यावर ठेवावा. मग शोध उघडलेल्या फोल्डरपुरताच राहतो आणि व्यवहारात तो फिल्टरसारखाच वागतो.

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये यादीवर टाइप केले की उडी बसते. अक्षरांमध्ये क्षणभर थांबलात तर पुढचे अक्षर नव्या शब्दाचे पहिले अक्षर मानले जाते, त्यामुळे मराठीत सावकाश टाइप करणाऱ्याला ही उडी साधत नाही. फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू या भागात, यादीत टाइप केल्यावर काय व्हावे हे ठरवणारा पर्याय आहे. तो शोधचौकटीकडे वळवला की टाइप केलेले सारे वरच्या उजव्या कोपऱ्यातील चौकटीत जाते. ही चौकट कंट्रोल आणि एफ यांनीही उघडते. मात्र ती फिल्टर नसून शोध आहे आणि उपफोल्डरांतही उतरते, हे विसरू नये. शिवाय ती बहुधा शब्दाच्या सुरुवातीपासून जुळणी करते, म्हणून ‘आंबापट्टी’ असे जोडून लिहिलेले नाव ‘पट्टी’ एवढ्यावर सापडले नाही तर आधी तारांकन देऊन *पट्टी असे लिहून पाहावे. याच एक्सप्लोररमध्ये तपशिलाच्या मांडणीत स्तंभाच्या शीर्षकावर माउस नेला की एक छोटा बाण दिसतो. त्यातून तारीख किंवा फाइलीचा प्रकार निवडून उघडलेले फोल्डर गाळता येते. नाव मुळीच आठवत नसेल तेव्हा हा मार्ग चांगला आहे.

विंडोजवर खरा फिल्टर हवा असेल तर टोटल कमांडर किंवा मुक्त स्रोतातील डबल कमांडर घ्यावा. टोटल कमांडरमध्ये कंट्रोल आणि एस दाबून टाइप केले की चालू यादी गाळली जाते, आणि डबल कमांडरमध्येही असा फिल्टर आहे. टोटल कमांडरमध्ये सगळ्या फाइली परत आणायच्या असतील तर कंट्रोल आणि एफ १० दाबावे. डबल कमांडर लिनक्सवरही चालतो, त्यामुळे घरात एक संगणक विंडोजचा आणि एक लिनक्सचा असेल तर एकच सवय पुरते. फोल्डरच कोणते हे आठवत नसेल तर विंडोजवर एव्हरिथिंग नावाचा विनामूल्य प्रोग्राम बसवावा. तो एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवरील फाइलींची मुख्य नोंदवहीच वाचतो, म्हणून साऱ्या डिस्कवरील नावे टाइप करता करता गाळून दाखवतो. त्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडली की दोन्ही शब्द असलेली नावे, कोणत्याही क्रमाने, मिळतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्याच्या खिडकीत, रमणाऱ्यांना एनएनएन या प्रोग्रामात तिरप्या रेघेची कळ हेच काम करते.

शब्द नव्हे, शब्दाचे मूळ टाइप करावे

फिल्टरला भाषा कळत नाही. तो चिन्हांची एक माळ दुसऱ्या माळेत बसते का एवढेच पाहतो. इंग्रजीत हे बहुतेक वेळा निभावून जाते, पण मराठी शब्दाची शेपटी सतत बदलत असते. ‘आंबा’ असे टाइप केले तर ‘आंब्याची पट्टी’ ही फाइल गळून पडते, कारण प्रत्यय लागताना ‘आंबा’चे ‘आंब्या’ झालेले असते. म्हणून ‘आंब’ एवढेच लिहावे. मग आंबा, आंबे, आंब्याची, आंब्यांचे हे सारे टिकते. ‘पावती’ऐवजी ‘पावत’ लिहिले की पावती आणि पावत्या दोन्ही येतात. त्याचप्रमाणे ‘पट्ट’ लिहिल्यास पट्टी आणि पट्ट्या, तर ‘फवारण’ लिहिल्यास फवारणी आणि फवारण्या दोन्ही सापडतात. येथे युनिकोडची, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीची, रचना आपल्या मदतीला येते, कारण काना, मात्रा, वेलांटी, उकार ही सगळी चिन्हे व्यंजनाच्या मागून साठवली जातात. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, परंतु संगणकात तीही अक्षरानंतरच असते, म्हणून ‘क’ टाइप केल्यावर ‘किनारा’ यादीतून जात नाही. रफार मात्र उलट वागतो. ‘सिंधुदुर्ग’ या शब्दातला रफार ‘ग’च्या डोक्यावर दिसत असला तरी साठवताना ‘र’ आधी आणि ‘ग’ नंतर येतो.

काही शब्दांत मूळच बदलते आणि तेथे सावध राहावे लागते. ‘मासा’चे ‘माशांचा’ होते आणि ‘पैसा’चे ‘पैशांचा’, म्हणजे ‘स’चा ‘श’ होतो. तेव्हा ‘मास’ लिहून ‘हर्णै माशांचा हिशोब’ सापडणार नाही. अशा वेळी त्या शब्दाचा नाद सोडून नावातील दुसरा, न बदलणारा शब्द धरावा. मात्र हर्णै हे नावही कोणी ‘हर्णे’ असे लिहितो, म्हणून ‘हर्ण’ एवढ्यावरच थांबावे.

ऱ्हस्व-दीर्घाचेही असेच आहे. घरात चार माणसे फाइलींना नावे देत असतील तर एक ‘हापूस’ लिहितो आणि दुसरा ‘हापुस’. त्यांतले शुद्ध कोणते हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी फाइल शोधण्याच्या घाईत तो बाजूला ठेवून ‘हाप’ टाइप करावे. नियम असा धरावा, की ज्या चिन्हाविषयी शंका आहे त्याच्या आधीच थांबावे, आणि शंका शब्दाच्या सुरुवातीलाच असेल तर त्या चिन्हाच्या पुढून सुरुवात करावी. फिल्टर नावाच्या मध्येही जुळणी करतो, म्हणून हे शक्य होते. दलालाकडून मिळालेल्या उचलीची पावती आमच्याकडे ‘ॲडव्हान्स’ या शब्दाने ठेवलेली असते, आणि हे पहिले अक्षर फार फसवे आहे. २००८ साली युनिकोडमध्ये ‘ॲ’साठी स्वतंत्र चिन्ह आले, परंतु त्याआधीपासून लोक ‘अ’वर अर्धचंद्र देऊन ते लिहीत आले आहेत आणि काही कळफलक आजही तसेच उमटवतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी असतात. पुढे ‘न्स’ की अनुस्वार हाही घोळ आहेच. तेव्हा ‘डव्हा’ एवढेच टाइप करावे म्हणजे सारी रूपे हाती लागतात.

याच जातीची अडचण ‘ऱ्य’ या जोडाक्षराची आहे आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याला ती टाळता येत नाही. ‘किनाऱ्यालगतची बाग’ या नावातला अर्धा र काही कळफलक ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने लिहितात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. दिसायला दोन्ही एकच असतात, आणि एका पद्धतीने टाइप केलेले दुसऱ्या पद्धतीने साठवलेल्या नावात मिळत नाही. फाइल समोर होती, नाव अक्षर न्‌ अक्षर बरोबर टाइप केले होते, तरी यादी रिकामी झाली असा अनुभव आला तर पहिला संशय या अर्ध्या र वर घ्यावा आणि ‘किना’पर्यंत मागे यावे.

वादळांच्या फाइलींनी मला हे सर्वांत चांगले शिकवले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडच्या बागांचेही अतोनात नुकसान करून गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात दुसरे वादळ किनाऱ्याजवळून गेले. दोन्ही वेळच्या पंचनाम्यांच्या आणि पडलेल्या कलमांच्या छायाचित्रांच्या फाइली आम्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या. निसर्गच्या फाइली एका शब्दात निघतात, पण दुसऱ्या वादळाचे नाव घरातल्या प्रत्येकाने वर्तमानपत्रात वाचले तसे लिहिले होते : तौक्ते, तोक्ते, ताउक्ते, तौत्के. ‘क्ते’ टाइप केल्यावर पहिली तीन येत, चौथे सुटे, आणि त्या चौथ्या नावाखालीच विहिरीकडच्या बागेचा पंचनामा होता. तेव्हापासून ज्या नावाचे लेखन स्थिर नाही ते नाव एकटे ठेवायचे नाही, त्याच्यासोबत ‘वादळ’ हा साधा शब्द आणि वर्ष लिहायचेच, असे आम्ही ठरवले.

आकडे आणि छायाचित्रे

देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे यांना फिल्टर एकच मानीलच याची खात्री धरू नये. माझा सल्ला असा, की मजकुरात देवनागरी आकडे अवश्य वापरावेत, परंतु फाइलीच्या नावातील तारीख इंग्रजी आकड्यांत आणि वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी. याचे कारण फोन आहे. बहुतेक अँड्रॉइड फोन छायाचित्राच्या नावात तारीख याच क्रमाने, सलग आठ इंग्रजी आकड्यांत घालतात, आणि त्या फोनवर व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या छायाचित्रांतही तीच पद्धत असते. त्यामुळे वर्ष आणि महिना मिळून सहा आकडे टाइप केले की त्या महिन्यात काढलेली किंवा आलेली सगळी छायाचित्रे समोर राहतात. व्हॉट्सॲपची छायाचित्रे त्याच्या नावातल्या डब्ल्यूए या दोन अक्षरांवरून वेगळी काढता येतात. पंचनाम्याला जोडायचे मूळ छायाचित्र आणि कोणीतरी पाठवलेली लहान केलेली प्रत यांतला फरक ओळखायला ही खूण पुरेशी असते.

दोन ठिकाणी जपावे

पहिले जपणे डॉल्फिनमधले कुलूप लावलेल्या फिल्टरविषयी. फिल्टर चालू राहिला आणि आपण दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलो तर तेथे जुळणारे काही नसल्यास फोल्डर रिकामे दिसते. आमच्या घरी एकदा यामुळे पंचनाम्यांचे फोल्डर पुसले गेले असे वाटून सगळे हवालदिल झाले होते, आणि एस्केप दाबल्यावर सारे जागच्या जागी दिसले. फोल्डर रिकामे दिसले की आधी तळाची चौकट पाहावी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गाळलेल्या यादीवर कंट्रोल आणि ए दाबले की समोर दिसतात तेवढ्याच फाइली निवडल्या जातात आणि त्या एकदम हलवता किंवा पुसता येतात, ही फिल्टरची मोठी सोय आहे. पण विंडोजच्या शोधचौकटीतून आलेली यादी उपफोल्डरांतल्या फाइलीही दाखवते. तेथे सगळे निवडून पुसले तर जे फोल्डर आपण उघडलेदेखील नव्हते त्यातील कागदही जातात. म्हणून पुसण्याचे काम शोधाच्या निकालावर कधीही करू नये. ते त्या त्या फोल्डरमध्ये जाऊन फिल्टरवरच करावे, आणि निवडलेल्या फाइलींचा आकडा तळाशी वाचून मगच कळ दाबावी.

नावे देताना

यापुढे देण्याच्या नावांत शब्द मूळ रूपात ठेवावेत. ‘वाशीच्या दलालाची आंब्याची पट्टी’ याऐवजी ‘आंबा पट्टी वाशी’ असे लिहिले तर नाव आखूडही होते आणि कोणताही शब्द पूर्ण टाइप केला तरी सापडते. आखूडपणाला आणखी एक कारण आहे. लिनक्सवर सर्वसाधारणपणे फाइलीच्या नावाला २५५ बाइटची (बाइट म्हणजे साठवणुकीचे लहान एकक) मर्यादा असते आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हांतच नाव संपते. विंडोजवर तयार केलेली लांब नावाची फाइल लिनक्सच्या डिस्कवर उतरवताना अडते ती यामुळे. ठिकाणांची नावे कशी लिहायची याची एक यादी करून ती संगणकाजवळ लावून ठेवावी. आमच्या यादीत हर्णै, केळशी, आंजर्ले, दाभोळ अशी गावे आणि बागेच्या प्रत्येक तुकड्याचे ठरलेले नाव आहे.

जुन्या फाइलींची नावे एकेक करून बदलण्याची गरज नाही. आधी त्या फोल्डरची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मग फिल्टरमध्ये ‘आंब्याची’ टाइप करून उरलेल्या सर्व फाइली निवडाव्यात आणि सामूहिक नामांतराच्या साधनाने तो शब्द ‘आंबा’ असा बदलावा. लिनक्सवरील एक्सएफसीई डेस्कटॉपच्या थुनार या फाइल मॅनेजरमध्ये हे साधन आतच असते, आणि विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज संचातील पॉवररीनेम हेच काम करते. दोन्हींत बदलण्यापूर्वी नवी नावे शेजारी दिसतात, ती वाचून मगच होकार द्यावा. एका बैठकीत एकच शब्द घ्यावा, आणि सुरुवात पट्ट्यांपासून करावी, कारण पुढच्या हंगामात दलालाशी हिशोब जुळवताना त्याच आधी लागतात.